मागे राहिलेला कोपरा

तीन कोपरे उठले आणि एक मागे राहिला. झालं ते एवढंच. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. पण तेवढ्यात दातांच्या डॉक्टरबाईंची जुनी लोखंडी खुर्ची जिन्याच्या वळणाशी एका अंगाने कलली, तिची चामडी पाठ कठड्याला घासत गेली आणि तिचा गोल, ओतीव, जडशीळ पाय वस्तादांच्या बुटाच्या टोकावर येऊन बसला. "आई गं!" वस्ताद ओरडले. हाक देणारी ती वरच्या पायरीवर, दोराचं टोक मनगटाला गुंडाळून, सगळ्यांकडे तोंड करून उभी होती. दोर तळव्यात करकचला. ती मागे रेलली, लंबूने गुडघा घातला, जावयाने खांदा, आणि खुर्ची थांबली. वरच्या कुठल्याशा घरात नळ गळत होता. तो आधीपासूनच गळत असणार. तिच्या कानात मात्र दोनच आवाज उरले होते. एक तिचा स्वतःचा, छातीतून काढलेला, घोगरा: 'उचल मर्दा.' आणि दुसरा त्याच्या पाठोपाठ आलेला: 'आई गं.'

ही जड सामान हलवणाऱ्यांची टोळी होती. जिथे लिफ्ट मावत नाही, गाडी पोचत नाही, जिना वळतो आणि भिंत सरकत नाही, तिथे या टोळीला बोलावणं येई. चौघे चार कोपऱ्यांना, आणि पाचवा हाक देणारा. हाक देणारा वजन उचलत नाही. तो वर उभा राहतो, सुरक्षेचा दोर धरतो, पायरी बघतो, श्वास बघतो आणि हाक देतो. हाकेच्या टोकावर चौघे मिळून 'हो!' म्हणतात आणि वजन एक पायरी चढतं. कोण कुठल्या कोपऱ्याला लागणार हेही हाक देणारा ठरवतो. तिच्या आधी तिचे बाबा हाक देत. बाबांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली, त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि एका सकाळी टोळी बिनआवाजाची कामावर निघाली तेव्हा तीही निघाली. वस्ताद म्हणाले होते, "पोरगी कुठली, हा तर आपला भाऊ." तेव्हापासून ती भाऊ. चाळिशी उलटलेली, एक वेणी घालणारी, कानात बारीक खडे असलेली भाऊ. लंबू तिला भाऊ म्हणे, वस्तादांचा जावई, ज्याला सगळेच नुसतं जावई म्हणत, तोही भाऊ म्हणे, आणि चहावाल्याने तर एकदा विचारलं होतं, "भाऊ, साखर घालू का?" तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. वाटलं नव्हतं, असं तिला इतके दिवस वाटत होतं.

खुर्ची सरळ करून वळणावरच्या मोकळ्या जागेत ठेवायची होती. हाक द्यायला तिचं तोंड उघडेना. जावई म्हणाला, "नुसते आकडे म्हणू. एक, दोन, तीन." त्यांनी तसं केलं. लंबूने तीनला उचललं, जावयाने तीन संपल्यावर. खुर्ची कुत्र्याने अंग झाडावं तशी हलली आणि बसली. "आकड्यात दम नसतो," वस्ताद भिंतीला टेकून पाय चोळत म्हणाले. "आकडा कुणाचाच नसतो. हाक अंगात शिरावी लागते." आणि मग, चौथ्या कोपऱ्याकडे न बघता, "हिच्या अंगात ती शिरत नाही. हिचा हात उशिरा आला."

चौथ्या कोपऱ्याशी वॉर्डवाली उभी होती. टोळीत नवीन आलेली, रुंद मनगटांची, शांत बाई. आधी इस्पितळाच्या वॉर्डात होती. रोग्यांना या कुशीवरून त्या कुशीवर, खाटेवरून स्ट्रेचरवर, अशी माणसं उचलण्यात तिची वर्षं गेली होती. ती सबब सांगणाऱ्यातली नव्हती. "आला उशिरा," ती म्हणाली.

"का?"

"हाक ऐकली. शब्दही कळला. पण हात थांबला."

"हात थांबला म्हणे! हात काय कचेरीतला साहेब आहे, थांबायला?" वस्ताद म्हणाले. लंबूला हसू फुटलं, पण वस्तादांचा चेहरा बघून त्याने ते खोकल्यात घातलं. वस्तादांनी बूट काढला होता. अंगठ्याचं नख काळंनिळं होत चाललं होतं. "हे बघ पोरी," ते तिला म्हणाले; टोळीत तिला पोरी म्हणण्याचा हक्क फक्त त्यांना होता, बाबांच्या जोडीचे म्हणून. "हाक तुझी, माणसं तुझी. मी मधे पडणार नाही. उद्या ही खुर्ची वर जायचीय. उद्या पुन्हा हिचा कोपरा मागे राहिला, तर टोळीत एकतर ही राहील नाहीतर मी. माझा अंगठा गेला तर गेला, जावयाचा मणका गेला तर माझी मुलगी मला घरात घेईल का?" जावयाने मान खाली घातली. त्यांचं खोटं नव्हतं. मागे राहिलेला कोपरा कुणाच्या ना कुणाच्या हाडावर येऊन बसतो, हे बाबांनीच तिला शिकवलं होतं.

वस्तादांना घेऊन दोघं खाली गेले. खुर्चीवर जुनं ब्लँकेट टाकायला त्या दोघी मागे राहिल्या. ब्लँकेटखालून खुर्चीचे हात पुढे आलेले दिसत होते, कुणीतरी बसून वाट बघत असल्यासारखे. वॉर्डवालीने ब्लँकेटचं टोक खोचलं आणि म्हणाली, "आमच्या घरात काही हलवायचं असलं, कपाट म्हणा, पलंग म्हणा, की वडील ओरडायचे, चला रे मर्दांनो. की मी भिंतीला लागायची. वाट द्यायला. हातात काही असेल ते घेऊन, पाठ भिंतीला टेकवून, श्वास आत ओढून उभी. लहानपणापासून तेच. आज तुम्ही तो शब्द म्हणालात, आणि पाठ भिंत शोधायला लागली. हात खुर्चीला आणि पाठ भिंत शोधतेय." ती थोडी हसली. "उद्या नाही होणार. उद्या मी पाठीला सांगून येईन." वॉर्डवाली तिला भाऊ म्हणत नसे. खरं तर ती तिला काहीच म्हणत नसे. हाक मारायची वेळ आली की जवळ येऊन उभी राहायची.

घरी जाताना तो जिना तिला सोडेना. रस्त्यात दिवे लागायचे होते, दुकानांच्या काचांवर शेवटचं ऊन तिरपं पडलं होतं आणि तिच्या पावलांना जुनी हाक चिकटून चालली होती, चिखल चिकटतो तशी. उचल मर्दा, हो. मिशीला पीळ, हो. बाईसारखा, हो. रडू नको, हो. काचेत तिला तिचा चेहरा दिसला. वेणी, खडे, ओठांवर काही नाही. मिशीला पीळ! आणि ती स्वतःच्याच प्रतिबिंबासमोर, पाववाल्याच्या दुकानापुढे, एकटीच हसली. एवढी वर्षं ती दुसऱ्यांच्या मिशीवर वजनं चढवत आली होती. मग हसू ओसरलं आणि त्याच्या जागी काहीतरी गार येऊन बसलं. तिची पाठ कधी भिंतीला लागली नव्हती, हे खरं. का लागली नव्हती? बाबा तिला लहानपणी कामावर न्यायचे, खांद्यावर बसवून. कुणी विचारलं, की छाती फुगवून सांगायचे, "मुलगी कसली, मुलगाच आहे हा माझा." तिला त्या वाक्याने पंख फुटायचे. त्या वाक्याच्या दारातून ती आत गेली होती, जिन्यांवर, दोराशी, हाकेशी. आणि आत गेल्यावर दार मागे लागलं होतं. दुसरी कुणी आलीच नाही त्या दाराने. वॉर्डवाली आली ती दाराने नाही, भिंतीतून आली. पाठ भिंतीला लावून लावून तिने भिंतच ढकलली असणार.

आणि आई? बाबा असं म्हणत तेव्हा आई स्वयंपाकघरात असे. एकदाच, एकदाच फक्त, हातातलं पातेलं खाली ठेवून ती दारात आली होती आणि म्हणाली होती, "मुलगीच आहे ती. तेवढं पुरे आहे." बाबा गोंधळले होते. पाहुणे हसले होते. तिला स्वतःला आईचा राग आला होता, आपलं काहीतरी हिसकावून घेतल्यासारखा. आईने पातेलं पुन्हा उचललं होतं. ते मोठं होतं, काठोकाठ भरलेलं, वाफाळतं. आई ते कुठल्याही हाकेशिवाय उचलायची, फक्त उचलण्याआधी एक बारीकसा 'हं' तिच्या नाकातून निघायचा, जणू ती पातेल्याला विचारते आहे, तयार आहेस ना. तो 'हं' आज इतक्या वर्षांनी, पाववाल्याच्या दुकानापुढे, तिला लख्ख ऐकू आला.

बोलण्यात काय काय मुरलेलं असतं! ती चालता चालता एकेक उचलून बघायला लागली, घर बदलताना खोलीतल्या वस्तू उचलून बघाव्यात तशी: ही न्यायची, ही इथेच राहू दे. मर्दासारखा शब्द पाळला, असं बाबा जावयाबद्दल म्हणायचे. शब्द तर पायरीही पाळते. अंधारात पाय टाकला तरी असते तिथे. पायरीसारखा शब्द पाळला. चालेल. बाबा आजारी पडले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, घरातला कर्ता पुरुष कोण? ती म्हणाली होती, मीच. डॉक्टर तिच्या मागे कुणी उभं आहे का बघत होते. घराचा खांब कोण, असं विचारलं असतं तर त्यांना मान वाकडी करावी लागली नसती. काय बायकांसारखी कुजबुज लावलीय, हे वस्तादांचं, लंबू आणि जावई कोपऱ्यात बोलत असले की. कुजबुज तर त्या दोघांची होती, बाई तिथे एकही नव्हती. पाण्याच्या पाइपासारखी कुजबुज लावलीय. हे तिला फार आवडलं. उद्या वस्तादांना सांगायला हवं. आणि रडणं? बाईसारखा रडू नको. ज्याच्या अंगठ्यावर लोखंड पडतं तो आईला हाक मारतो. वस्तादांनी मारली. लंबूने मारली असती. मिशीला पीळ देणारे सगळेच वजन पडलं की थेट आईकडे धावतात, आणि तिथे त्यांना कुणी म्हणत नाही, की हा शब्द बायकी आहे, दुसरा काढ.

शेजारच्या काकू दिवसभर बाबांजवळ बसत. ती आली की त्या विणकाम गुंडाळून, "आज शहाण्यासारखे जेवले हो," असं बाबांसमोरच सांगून जात, आणि बाबा डोळे मिचकावत. मग तिचं रोजचं एक काम असे: बाबांना पलंगावरून खिडकीतल्या खुर्चीत बसवायचं. ती वाकली. त्यांचा चांगला हात आपल्या मानेभोवती घेतला, आपले दोन्ही हात त्यांच्या काखेतून पाठीमागे नेऊन गुंफले. त्यांच्या अंगाला साबणाचा आणि औषधाचा वास येत होता. "धरलंय ना, बाबा?" ती म्हणाली. त्यांनी मानेवर हाताने दाबलं. "चला मग." आणि ते उठले, दोघं मिळून एकच उंच, डुलणारं काहीतरी, आणि अर्धं वळून खुर्चीत बसले. ज्याने कधीकाळी जिन्यांना घाम फोडला त्या माणसाचं वजन आता तिच्या एकटीच्या मिठीत मावत होतं, याचं तिला रोज थोडं वाईट वाटे आणि रोज थोडं बरंही वाटे.

तिने दूध तापवलं, त्यात पाव भिजवला, आणि त्यांना भरवता भरवता सगळं सांगितलं: खुर्ची, वळण, मागे राहिलेला कोपरा, वस्तादांचा अंगठा. 'आई गं' सांगितलं तेव्हा बाबांचं पोट हललं. ते हसत होते. वॉर्डवालीची भिंत सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिले. "तुमची हाक आहे," ती म्हणाली, "मोडायला जीव होत नाही. पण तिच्यात एकाची जागा कमी पडते." बाबांच्या तोंडातून शब्द निघत नसत, पण सूर निघे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, असं होतं कधी कधी. बोलणं एका खोलीत असतं आणि गाणं दुसरीत. तर बाबा गुणगुणायला लागले. तीच हाक. हं हं हंऽहं, हं. पहिले दोन आखूड, मग एक लांब, वर चढत जाणारा, टोकाशी जरासा थांबणारा, आणि मग तो शेवटचा, ज्यावर वजन उठायचं. ती चमचा हातात धरून ऐकत राहिली. शब्द सगळे गळून गेले होते. मर्द गेला होता, मिशी गेली होती, बाई गेली होती. राहिलं होतं ते लाटेसारखं उठणं आणि फुटण्याआधी क्षणभर थांबणं. वजन उचलत होतं ते हेच होतं! शब्द त्यावर बसून नुसते फिरत होते, गाडीच्या टपावर बसलेल्या फुकट्यांसारखे.

मग त्या सुरावर ती नवे शब्द बसवून बघायला लागली. उचल माणसा. बसेना, माणसा म्हटलं की सूर भाषण द्यायला उभा राहतो. उचल गड्या. ते पुन्हा लंबूचंच. उचल दोस्ता. हे नाटकातलं. दम महत्त्वाचा, म्हणून ती म्हणाली, "राख दमाऽ, हो!" आणि तिचं तिलाच हसू आलं. वस्तादांना दमा आहेच, राखायला कशाला सांगायचं? बाबाही हसले, त्यांच्या ओठाच्या कडेने दूध आलं, तिने ते पुसलं. हात, पाठ, खांदा, सगळं लावून झालं. प्रत्येक शब्द घरात छान दिसे आणि जिन्यात नेला की पोकळ वाजे. दिव्याची वेळ झाली. तिने बाबांना पुन्हा पलंगावर आणलं. "धरलंय ना, बाबा?" त्यांनी दाबलं. आपण काय म्हणालो, याकडे तिचं लक्षच नव्हतं. तिच्या मनात उद्याचं वळण होतं, आणि एक नाव, जे उद्या संध्याकाळी टोळीत असेल किंवा नसेल.

सकाळी वस्ताद काठी टेकत आले. बुटाचं टोक कापून त्यातून फडक्यात गुंडाळलेला अंगठा बाहेर काढला होता. "हसू नका," ते आल्या आल्या म्हणाले, "खिडकी उघडी ठेवलीय, वारा लागायला." खालच्या कोपऱ्याला लागायला त्यांच्या पायात जोर नव्हता. दुसरा माणूस मिळेना. डॉक्टरबाई, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात चष्मा लटकवलेल्या, वरच्या मजल्यावरून वाकून म्हणाल्या, "माझे रोगी दुपारी यायचेत हो, त्यांना काय जमिनीवर आडवं पाडू?" तिने जिना खालून वर पाहिला. मग दोर मनगटावरून सोडला आणि वस्तादांच्या हातात दिला. "तुम्ही वर उभे राहा. तुमचा कोपरा मी घेते."

"आणि हाक?"

"खालून देते."

"वजनाखालून कुणी हाक देत नाही," वस्ताद म्हणाले. "तुझ्या बापानेही दिली नाही."

"बघू या."

खालचे दोन कोपरे सगळ्यात जड. डाव्याला ती, उजव्याला वॉर्डवाली. वर लंबू आणि जावई. तिने पट्टा खांद्यावरून घेतला, खुर्चीच्या पायाखाली हात घातले. लोखंड गार होतं, कालचं सगळं लक्षात असल्यासारखं गार. शेजारी वॉर्डवालीचा श्वास ऐकू येत होता. वरून नुसत्या बघण्यात आणि हे खांद्यावर असण्यात केवढा फरक! वरून टोळी म्हणजे चार डोकी दिसायची. इथून काहीच दिसत नव्हतं. लोखंड, स्वतःचे गुडघे, आणि जे दिसत नाहीत त्यांच्यावरचा भरवसा. तिने रात्री घासूनपुसून ठेवलेला हातांचा, पाठीचा, खांद्यांचा एकेक शब्द शोधला. एकही जागेवर नव्हता. फक्त सूर होता. तो तिने नाकातून काढला, हं हं हंऽ, आणि थांबली, कारण पुढच्या श्वासावर वजन उठणार होतं आणि ते तीन ठिकाणी उठेल की चार, हे तिला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचा एकच मार्ग होता. जो ती रोज संध्याकाळी वापरायची.

"धरलंय?" तिने विचारलं.

लंबू वरून वाकून बघायला लागला, हाक आहे की चौकशी? मग तिच्या उजवीकडून, अगदी कानाशी, रोग्याच्या खाटेशी कित्येकदा हेच विचारलेल्या आणि ऐकलेल्या गळ्यातून आलं, "धरलंय!"

"धरलंय?" तिने पुन्हा, सुरात, वर चढवत.

"धरलंय!" या वेळी तिघं.

"सोडणार?"

"नाही!"

"मग चलऽ, हं!"

आणि चारही कोपरे उठले. असं उठणं तिने वरून पुष्कळदा पाहिलं होतं, पण आतून ते कधी कळलं नव्हतं: वजन नाहीसं होत नाही, ते वाटलं जातं, आणि आपल्या वाट्याला आलेलं अगदी आपल्या मापाचं असतं. पायरी. "धरलंय?" "धरलंय!" पायरी. तिचा आवाज तिच्या छातीत राहिला नव्हता. वजनाखाली घोगरं काढायला जागाच नव्हती. तो गळ्यात, डोक्यात चढला होता, बारीक, टोकदार, आईच्या आवाजासारखा, आणि जिन्याच्या पार वरपर्यंत जाऊन भिंतींना लागून परत येत होता. इतकी वर्षं ती हा आवाज घशात दाबून ठेवत होती आणि रोज संध्याकाळी गुळण्या करत होती. "सोडणार?" "नाही!" यात आता वरून एक पाचवा आवाज मिसळला होता, खरखरीत, दमेकरी. वस्ताद दोर धरून 'नाही' म्हणत होते. हाक देणाऱ्या जागेवरून उत्तर देत होते.

दुसऱ्या वळणावर, कालच्यापेक्षा अरुंद, खुर्ची उभी करून फिरवायची होती. तिची डावी टाच पायरीच्या कडेवर होती. तिला कळलं नाही. "ए बाई, पाय बघ तुझा!" वॉर्डवाली ओरडली. तिने पाय आत घेतला. खुर्ची फिरली. आणि त्या सगळ्या घामात, पट्टा खांद्यात रुतत असताना, तिच्या मनात एक शब्द पाण्यात खडा पडावा तसा पडला: बाई. टोळीत तिला कुणीतरी बाई म्हटलं होतं, आणि ते हिणवायला नव्हतं, कौतुकालाही नव्हतं. पाय वाचवायला होतं.

खुर्ची खिडकीशी बसली तेव्हा डॉक्टरबाईंनी खुर्चीच्या हातांवरून फडकं फिरवलं, घोड्याला थोपटावं तसं. "एक विचारू?" लंबू म्हणाला. "या खुर्चीत जास्त कोण घाबरतं? पुरुष की बायका?" डॉक्टरबाई चष्मा लावत म्हणाल्या, "तोंड उघडल्यावर सगळे सारखेच दिसतात, बाळा." आणि वस्तादांकडे वळून, "तुम्ही बसा. अंगठा दाखवा आधी. आणि आला आहात तर दातही बघते, मघापासून तुमचा खालचा दात वाजताना ऐकतेय मी." वस्ताद नको नको म्हणत बसवले गेले. खुर्ची मागे गेली, दिवा तोंडावर आला, आणि बाबांच्या जोडीच्या त्या माणसाने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट पकडले. वॉर्डवाली जवळ जाऊन उभी राहिली. "धरलंय ना, वस्ताद?" ती म्हणाली. वस्तादांनी तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडंच होतं. "अअंय," ते म्हणाले. जावई खिडकीकडे तोंड करून हसत होता. बऱ्याच वेळाने, चूळ भरून झाल्यावर, वस्ताद बूट चढवत पुटपुटले, "उद्याच्या कपाटाला उजवा खालचा हिलाच दे. मला आता वरच उभं राहायला बरं वाटतं." आणि दारातून, "मिशीचं कडवं मात्र अधूनमधून म्हणत जा. मला आवडायचं ते."

"तुम्हीच म्हणा की," ती म्हणाली, "तुम्हाला आहे."

खाली उतरताना लंबूने विचारलं, "मग आता तुला भाऊ म्हणायचं की नाही?"

तिने विचार केला. खांदा ठणकत होता, ओझ्याचा गोड ठणका. "म्हण रे," ती म्हणाली. "वेळेवर हाक मार म्हणजे झालं."

संध्याकाळी काकू विणकाम गुंडाळून गेल्या. खिडकीतलं ऊन पलंगाच्या पायाशी आलं होतं. ती वाकली, बाबांचा हात मानेभोवती घेतला, हात गुंफले, आणि मग, थोडी लाजत, सुरात विचारलं, "धरलंयऽ?" बाबा थबकले. त्यांनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, पाठ असलेली चाल दुसऱ्याच घरातून ऐकू यावी तसं. त्यांच्या मानेवरच्या हाताने दाबलं. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांच्या छातीत तो सूर उठला, हं हं हंऽ, चढत गेला, टोकाशी जरासा थांबला, आणि तिला आपल्या अंगाखाली जमीन बदलल्यासारखी वाटली: बाबांचा चांगला पाय फरशीवर घट्ट रोवला गेला होता. ते आपला कोपरा उचलत होते. "हं," बाबा म्हणाले, आणि उठले.